उंबरठा : लिनक्स नवख्यांच्या घरापर्यंत कसे पोहोचले?

१/
१९९२ साली लिनक्स कायद्याने सर्वांचे झाले. ते वापरण्यास पैसे लागत नव्हते आणि दुसऱ्याला देण्यास कोणाची परवानगी लागत नव्हती. तरीही पुढची दहा-बारा वर्षे सामान्य माणसाच्या घरातील संगणकावर ते क्वचितच दिसले. हक्क हाती आला होता, पण उंबरठा फार उंच होता. तो उंबरठा कोणी खाली आणला, कसा आणला आणि त्यासाठी काय मोजावे लागले, हे आजच्या धाग्यात पाहू. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

२/
आधी दोन शब्द स्पष्ट करू. संगणकाचे सुटे भाग आणि आपण वापरतो ते प्रोग्राम यांच्यामध्ये बसून सगळा कारभार पाहणारी व्यवस्था म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. तिच्या अगदी आतल्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. लिनक्स हे काटेकोरपणे पाहता केवळ कर्नेलचे नाव. त्याभोवती शेकडो प्रोग्राम जमवून, बसवण्याची सोय करून जो पूर्ण संच दिला जातो, त्याला वितरण किंवा रोजच्या बोलण्यात ‘डिस्ट्रो’ म्हणतात. आजची गोष्ट प्रामुख्याने ह्या वितरणांची आहे.

३/
पार्श्वभूमी थोडक्यात. सप्टेंबर १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ ह्या संपूर्ण मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला. ‘मुक्त’ याचा अर्थ येथे ‘फुकट’ असा नाही. प्रोग्राम वापरावा, त्याचा मूळ मजकूर वाचावा, त्यात बदल करावा आणि तो इतरांना द्यावा, ही चार स्वातंत्र्ये त्या शब्दात अभिप्रेत आहेत. १९८९ मध्ये ही स्वातंत्र्ये कायद्याच्या भाषेत बांधणारा ‘जीपीएल’ परवाना आला. ग्नूची बहुतेक साधने तयार झाली. कर्नेल मात्र राहून गेले होते.

४/
ते अनपेक्षित ठिकाणाहून आले. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील लिनुस तोरवाल्ड्स ह्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने एका संगणकीय चर्चागटात कळवले की आपण छंद म्हणून एक लहानशी ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत आहोत. सुरुवातीच्या त्याच्या परवान्यात पैसे घेऊन वितरण करण्यास मनाई होती. प्रती काढून वाटणाऱ्याला निदान फ्लॉपीचा खर्च तरी वसूल करता यायला हवा होता, आणि मनाईमुळे तेही अडत होते. १९९२ मध्ये लिनक्स जीपीएलखाली आले आणि वाटणाऱ्यांचा मार्ग मोकळा झाला.

५/
पण वाटायचे काय आणि कसे? आरंभी लिनक्स बसवणे म्हणजे सुटे भाग गोळा करून स्वतः यंत्र जुळवणे होते. फेब्रुवारी १९९२ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर कम्प्युटिंग सेंटरच्या ओवेन ल ब्लाँक यांनी ‘एमसीसी इंटरिम लिनक्स’ तयार केले. युनिक्सचा तज्ज्ञ नसलेल्या माणसालाही ते बसवता यावे, हा त्यांचा हेतू. लिनक्स जेमतेम सहा महिन्यांचे होते, तोवर कोणाला तरी नवख्याची आठवण झाली होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

६/
१९९३ मध्ये आजही हयात असलेली दोन वितरणे जन्मली. जुलैमध्ये पॅट्रिक फोल्करडिंग यांचे ‘स्लॅकवेअर’ आणि ऑगस्टमध्ये इयन मर्डॉक यांचे ‘डेबियन’. दोन्हींच्या मुळाशी ‘एसएलएस’ नावाच्या आधीच्या वितरणातील उणिवा होत्या. स्लॅकवेअरची पहिली आवृत्ती २४ फ्लॉप्यांवर मावत असे. ऑक्टोबर १९९४ मधील २.१ आवृत्तीसाठी ७३ फ्लॉप्या लागत. आवडीप्रमाणे त्यांतील काही संच गाळता येत. तरीही एखादी फ्लॉपी मध्येच खराब निघाली की तासाभराची मेहनत वाया जाई.

७/
फ्लॉप्या नीट चालल्या तरी पुढे तीन घाट चढायचे होते. पहिला घाट डिस्कच्या विभागणीचा. संगणकावर विंडोज आधीपासून असे. त्याच डिस्कवर लिनक्ससाठी जागा मोकळी करायची, तर डिस्कचे भाग पाडावे लागत. आकडा चुकला तर घरातील सगळी कागदपत्रे नाहीशी होण्याची भीती असे. नंतर सुरुवातीला कोणती प्रणाली उघडावी हे विचारणारा ‘लिलो’ हा प्रोग्राम बसवावा लागे. तो फसला की काळ्या पडद्यावर ‘एल’ आणि ‘आय’ ही दोनच अक्षरे उमटत आणि संगणक तेथेच थबके.

८/
दुसरा घाट चित्रमय पडद्याचा. खिडक्या आणि माउस हवा असेल तर मॉनिटरची आडवी व उभी कंपनसंख्या स्वतः लिहून द्यावी लागे. हे आकडे मॉनिटरसोबत आलेल्या पुस्तिकेत असत, आणि ती पुस्तिका बहुतेकांनी केव्हाच हरवलेली असे. चुकीचे आकडे दिल्यास मॉनिटरला इजा होऊ शकते, असा इशारा त्या काळच्या मार्गदर्शिकांत ठळकपणे दिलेला आढळतो. संगणक ही घरातील सर्वांत महाग वस्तू असण्याच्या काळात असा इशारा वाचून किती जण मागे फिरले असतील, याची कल्पना करता येते.

९/
तिसरा घाट सर्वांत अवघड. अनेक स्वस्त मोडेम अर्धेमुर्धे यंत्र असत. उरलेले काम विंडोजवरचा प्रोग्राम करी. त्यांना ‘विनमोडेम’ म्हणत. लिनक्सवर ते बहुधा चालत नसत. परिणामी नवखा एका विचित्र कोंडीत सापडे : अडचण सोडवण्यासाठी इंटरनेट हवे, आणि अडचण हीच की इंटरनेट चालत नाही. विंडोजमध्ये परत जायचे, उपाय शोधायचा, कागदावर उतरवायचा, पुन्हा लिनक्समध्ये यायचे. हा येरझारा चिकाटी असलेलेच करत.

१०/
ह्या काळात मदतीची दोन साधने होती. एक, लिखित मार्गदर्शन. १९९२ मध्येच मॅट वेल्श, लार्स विर्झेनियस आणि मायकेल जॉन्सन यांच्या पुढाकाराने ‘लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्ट’ उभा राहिला. ‘हाउटू’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या मार्गदर्शिकांत छपाईयंत्रापासून ध्वनीपर्यंत प्रत्येक विषयाची पायरी-पायरीने माहिती असे. इतिहासात प्रोग्राम लिहिणाऱ्यांची नावे राहिली. ह्या मार्गदर्शिका फुकट लिहून, वर्षानुवर्षे सुधारत राहिलेल्या शेकडो लोकांची नावे कोणाला सहसा आठवत नाहीत.

११/
दुसरे साधन म्हणजे प्रत्यक्ष माणसे. गावोगावी ‘लिनक्स यूजर्स ग्रुप’ निघाले आणि त्यांतून ‘इन्स्टॉल फेस्ट’ची पद्धत रूढ झाली. एखाद्या महाविद्यालयाच्या सभागृहात लोक आपापला जड संगणक मॉनिटरसह उचलून आणत आणि जाणकार मंडळी तेथेच बसून लिनक्स बसवून देत. भारतातही बंगळूर, मुंबई, पुणे अशा शहरांत असे गट होते. मात्र मेळावा संपून संगणक घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी आवाज येईनासा झाला, की नवखा पुन्हा एकटा पडे.

१२/
भारताची अडचण आणखी वेगळी होती. येथे सामान्य नागरिकासाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमच्या सेवेने. टेलिफोनच्या तारेवरून, मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवत साडेसहाशे मेगाबाइटची सीडी उतरवून घेणे घरी बसून अशक्यप्राय होते. ही उणीव ‘पीसी क्वेस्ट’सारख्या संगणक मासिकांनी भरून काढली. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात अंकासोबत लिनक्सची सीडी येऊ लागली. वर्गात एकाने अंक घ्यावा आणि सीडी सगळ्यांनी फिरवावी. परवान्याला ते मान्यच होते.

१३/
आता वितरणे स्वतःच बदलू लागली. १९९६ मध्ये ‘केडीई’ आणि १९९७ मध्ये ‘ग्नोम’ हे डेस्कटॉपचे प्रकल्प सुरू झाले. १९९८ मध्ये फ्रान्सच्या गाएल दुवाल यांनी रेड हॅटवर केडीई चढवून ‘मँड्रेक’ तयार केले आणि नवख्यांची तिकडे रीघ लागली. १९९९ मधील ‘कॅल्डेरा ओपनलिनक्स’ने तर प्रणाली बसत असताना कंटाळा येऊ नये म्हणून पडद्यावर टेट्रिसचा खेळ ठेवला होता. बसवण्याची भीती घालवणे हेही एक काम आहे, हे कोणीतरी ओळखले होते.

१४/
येथे ह्या इतिहासातील मूळ पेच प्रथम ठळकपणे दिसतो. रेड हॅट स्वतः केडीई का देत नव्हते? कारण केडीई ज्या ‘क्यूटी’ ह्या संचावर उभे होते, त्याचा परवाना तेव्हा पुरेसा मुक्त नव्हता. म्हणजे नवख्याला सोपे जाणारे देण्यासाठी तत्त्वाला थोडी मुरड घालावी लागत होती. दुवाल यांनी सोय निवडली, रेड हॅटने तत्त्व. सप्टेंबर २००० मध्ये क्यूटी जीपीएलखाली आले आणि तो विशिष्ट वाद मिटला. पेच मात्र पुढेही नवनवी रूपे घेत राहिला.

१५/
२००० मध्येच जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी ‘क्नॉपिक्स’ प्रसिद्ध केले. सीडी घालावी, संगणक सुरू करावा आणि संपूर्ण लिनक्स थेट सीडीवरूनच चालावे. डिस्कला हात लावायचाच नाही. सीडी काढली की घरचे विंडोज जसेच्या तसे. मजकूर दाबून भरल्यामुळे एका सीडीवर सुमारे दोन गिगाबाइटचा ऐवज मावे. ही ‘लाइव्ह सीडी’ची कल्पना अगदीच पहिली नव्हती, पण ती लोकप्रिय झाली ती येथे. नवख्याला जे सर्वाधिक हवे असते, ते तिने दिले : काहीही न गमावता पाहून घेण्याची मोकळीक.

१६/
आणि मग २००४ साल उजाडले. मार्क शटलवर्थ हे दक्षिण आफ्रिकेचे उद्योजक. इंटरनेटवरील सुरक्षेसाठी प्रमाणपत्रे देणारी त्यांची ‘थॉट’ ही कंपनी १९९९ मध्ये ‘व्हेरीसाइन’ने सुमारे साडेसत्तावन्न कोटी डॉलरना घेतली होती. २००२ च्या एप्रिलमध्ये ते स्वखर्चाने आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर जाऊन आले. विद्यार्थिदशेपासून त्यांचा डेबियनशी संबंध होता. एप्रिल २००४ मध्ये त्यांनी डेबियनच्या सुमारे डझनभर कार्यकर्त्यांना लंडनला बोलावले आणि विचारले : हे सर्वसामान्यांसाठी करता येईल का?

१७/
२० ऑक्टोबर २००४ रोजी ‘उबुंटू’ची पहिली आवृत्ती आली. क्रमांक ४.१०, म्हणजे २००४ चा दहावा महिना. टोपणनाव ‘वॉर्टी वॉर्टहॉग’. ‘उबुंटू’ हा दक्षिण आफ्रिकेतील न्गुनी भाषांतला शब्द. माणूस माणूस ठरतो तो इतर माणसांमुळे, असा काहीसा त्याचा आशय. आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या विवेचनामुळे तो जगभर पोहोचला होता. हातात हात गुंफून वर्तुळात उभ्या असलेल्या तीन माणसांना वरून पाहावे, असे त्याचे बोधचिन्ह होते.

१८/
तांत्रिकदृष्ट्या उबुंटूने नवे फारसे काही शोधले नव्हते. पाया डेबियनचाच होता. त्याने निवड केली. वितरणांमध्ये तेव्हा एकेका कामासाठी चार-चार प्रोग्राम देण्याची रीत होती. उबुंटूने एकच सीडी ठेवली आणि प्रत्येक कामाला एकच प्रोग्राम दिला. सर्वाधिकारी ‘रूट’ खाते सुरुवातीपासून बंद ठेवले. गरज पडेल तेव्हा आपलाच पासवर्ड देऊन तेवढ्यापुरता अधिकार घ्यायचा. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती ठरल्या वेळी येई. नवख्यापुढचे शंभर प्रश्न दहावर आले.

१९/
त्याहून मोठी गोष्ट होती ‘शिपइट’. संकेतस्थळावर नाव-पत्ता लिहावा आणि काही आठवड्यांनी उबुंटूच्या सीडी टपालाने घरी याव्यात. सीडीचे पैसे नाहीत आणि टपालखर्चही नाही. इंटरनेट महाग असलेल्या देशांत हे फार मोलाचे ठरले. भारतातील असंख्य महाविद्यालयीन मुलांना जन्मात पहिल्यांदा परदेशी टपाल आले ते ह्या सीडींचे. मित्रांना देता याव्यात म्हणून जास्तीच्या प्रतीही मागवता येत. एप्रिल २०११ मध्ये ही योजना बंद झाली. तोपर्यंत बऱ्याच ठिकाणी इंटरनेट तेवढे आवाक्यात आले होते.

२०/
तिसरी गोष्ट भाषेची, म्हणजे बोलण्याच्या रीतीची. जुन्या चर्चागटांत साधा प्रश्न विचारणाऱ्याला ‘आधी मार्गदर्शिका वाच’ असे चार अक्षरी, शिवीसह उत्तर मिळे. त्यामागे कारण नव्हते असे नाही. तोच प्रश्न शंभर वेळा आला की तज्ज्ञ वैतागतो. पण दारातूनच परतलेला माणूस पुन्हा येत नाही. उबुंटूने आरंभापासून आचारसंहिता लिहून ठेवली : दुसऱ्याचा विचार करा, आदराने बोला, एकत्र काम करा आणि अडल्यास मदत मागा. मदत मागणे हे सदस्याचे कर्तव्यच मानले गेले.

२१/
पुढे पायऱ्या आणखी उतरत गेल्या. जून २००६ मधील ६.०६ आवृत्तीत लाइव्ह सीडी आणि बसवण्याची सीडी एक झाली : आधी वापरून पाहा, आवडले तर तेथूनच बसवा. एप्रिल २००८ मधील ८.०४ मध्ये ‘वुबी’ आले. त्यामुळे डिस्कचे भाग न पाडता, विंडोजमधील इतर प्रोग्रामसारखेच उबुंटू बसवता आणि काढताही येऊ लागले. ७३ फ्लॉप्यांपासून येथवरचा प्रवास चौदा वर्षांत झाला होता. त्यात कर्नेलची प्रगती होतीच. पण नवखा नेमका कोठे अडखळतो याचे बारीक निरीक्षणही तितकेच होते.

२२/
आपल्या भाषेपुरते एक उदाहरण पाहू. इंग्रजी न येणाऱ्याला सोपी प्रणालीही अवघडच. त्यात मराठीची स्वतःची एक गोची आहे : ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. पहिला म्हणजे समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. हा आडवा, पापणीसारखा ‘र’ हिंदीत लागत नाही. त्यामुळे हिंदीपुरता विचार करून केलेला देवनागरी फाँट मराठीला पुरत नाही. युनिकोडमध्ये त्यासाठी निराळी सोय ठेवावी लागली आणि फाँट बनवणाऱ्यांना ती सांभाळावी लागली. रेड हॅटने ‘लोहित’ ही भारतीय लिप्यांच्या फाँटांची मालिका मुक्त परवान्याखाली दिली. कंपनीच्या पुण्यातील कार्यालयातून भारतीय भाषांचे काम चाले. त्याच्या जोडीला अनेक स्वयंसेवकांनी मेनूतील एकेक शब्द मराठीत आणला.

२३/
सरकारी पातळीवरचे उदाहरण केरळचे. २००१ मध्ये तेथे ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प सुरू झाला. सुरुवातीला खासगी मालकीच्या सॉफ्टवेअरवर आधारित अभ्यासक्रमाला शिक्षक संघटनांनी विरोध केला आणि काही वर्षांत शाळा ग्नू/लिनक्सकडे वळल्या. यशाचे मर्म सॉफ्टवेअरपेक्षा रचनेत होते. शिक्षकांमधूनच प्रशिक्षक तयार केले गेले, त्यांनी इतर शिक्षकांना शिकवले आणि त्यांनी मुलांना. संगणक अडला की विचारायला ओळखीचा माणूस जवळ होता. इन्स्टॉल फेस्टमध्ये जे दुसऱ्या दिवशी तुटे, ते येथे टिकले.

२४/
आता पुन्हा त्या जुन्या पेचाकडे. अनेक वायफाय आणि ग्राफिक्स कार्डांना कंपनीचे बंदिस्त, मूळ मजकूर न दिलेले प्रोग्राम लागतात. अनेक देशांत एमपी३ वाजवणेही पेटंटमुळे अडचणीचे होते. २००६ मध्ये क्लेमां लफेव्र यांनी सुरू केलेल्या ‘लिनक्स मिंट’ने गाणी-चित्रपट चालवणारे हे भाग आधीच घालून दिले, आणि म्हणूनही ते नवख्यांचे लाडके झाले. डेबियनने मात्र बंदिस्त भाग आपल्या अधिकृत सीडीबाहेर ठेवले. परिणाम असा की डेबियन बसवायला घेतले की पुष्कळ लॅपटॉपांत वायफायच सापडत नसे.

२५/
स्टॉलमन यांनी २०१९ मध्ये ह्याच विषयावर एक निबंध लिहिला. इन्स्टॉल फेस्टमध्ये स्वयंसेवक बंदिस्त प्रोग्राम गुपचूप बसवून देतात. नवख्याला वाटते सगळे मुक्तच आहे, अशी त्यांची तक्रार. त्यांनी सुचवलेला उपाय मिश्किल होता. असे प्रोग्राम हवेच असतील तर शेजारच्या खोलीत ‘सैतान’ अशी पाटी लावून एकाने बसावे आणि नवख्याने जाणूनबुजून त्याच्याकडे जावे. विनोद बाजूला ठेवला तरी मुद्दा खरा आहे. मदत करताना आपण काय तडजोड केली, हे सांगणे मदतीचाच भाग आहे.

२६/
उलट बाजूचा धडा उबुंटूनेच दिला. ऑक्टोबर २०१२ मधील १२.१० आवृत्तीत आपल्या संगणकातील फाइल शोधण्यासाठी टंकलेले शब्दही कंपनीच्या सर्व्हरकडे जात आणि त्यासोबत ॲमेझॉनवरील वस्तू दाखवल्या जात. ही सोय बंद करता येत होती. पण नवखा कशाला बंद करील? त्याला ती आहे हेच ठाऊक नव्हते. टीकेचा भडिमार झाला आणि एप्रिल २०१६ च्या आवृत्तीत ती मुळातच बंद ठेवून दिली गेली. सोपेपणा म्हणजे नवख्याच्या वतीने निर्णय घेणे. म्हणूनच तो विश्वासाचा प्रश्न ठरतो.

२७/
डेबियनने दुसऱ्या टोकाकडून पाऊल उचलले. ऑक्टोबर २०२२ मध्ये सदस्यांनी मतदान करून ठरवले की यंत्राला लागणारे बंदिस्त फर्मवेअर अधिकृत माध्यमात असावे, आणि कोणते फर्मवेअर वापरले हे वापरणाऱ्याला कळवले जावे. जून २०२३ मधील बाराव्या आवृत्तीत ते अमलात आले. तीस वर्षांच्या वादाचे हे उत्तर परिपूर्ण नाही. पण त्यात दोन्ही बाजूंचे म्हणणे आहे : दार उघडे ठेवायचे आणि आत काय आहे हे दारावरच लिहायचे.

२८/
हा इतिहास आज कशासाठी? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चालू स्थितीतले अनेक संगणक एकदम ‘जुने’ ठरले. त्यांतील बहुतेकांवर मिंट किंवा उबुंटू व्यवस्थित चालते. कोणाच्या तरी काकांचा, शाळेचा, वाचनालयाचा संगणक तुमच्यापुढे येईल, तेव्हा वरील तीस वर्षांचा अनुभव कामास येईल.

२९/
त्या अनुभवाचे सार असे. आधी विचारावे : ह्या संगणकावर रोज काय करता? कार्यालयातील एखादा प्रोग्राम केवळ विंडोजवरच चालत असेल, तर तसे स्पष्ट सांगावे. मग सगळ्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी. पेनड्राइव्हवरून लाइव्ह पद्धतीने चालवून वायफाय, आवाज, छपाई आणि मराठी टंकन तपासावे. बसवताना माउस त्यांच्याच हाती द्यावा. जे बंदिस्त घातले ते सांगावे. आणि आठवड्याने स्वतःहून फोन करावा. इन्स्टॉल फेस्टची खरी उणीव तीच होती.

३०/
स्वातंत्र्याचा परवाना एकदा लिहिला की तो सर्वांना एकदम लागू होतो. उंबरठा मात्र तसा एकदम खाली येत नाही. प्रत्येक नवख्यासाठी कोणीतरी शेजारी बसावे लागते. कधी मार्गदर्शिका लिहून, कधी टपालाने सीडी पाठवून, कधी ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक फाँटात सांभाळून. अशा माणसांची नावे आवृत्त्यांच्या यादीत सापडत नाहीत. पण लिनक्स घराघरांत पोहोचले असेल, तर ते त्यांच्याच हातून.

(धागा समाप्त. तुमच्या गावातील इन्स्टॉल फेस्ट किंवा शिपइटच्या सीडीची आठवण असेल, तर खाली अवश्य लिहा. हा इतिहास अजून लिहून व्हायचा आहे.)